मोकळ्या वर्तुळांचं काय

विभागात तिला सगळे वजाबाई म्हणत. कुणीतरी फळाभर गणित मांडावं, शेवटच्या ओळीखाली रेघ ओढून हातावरचा खडू झटकावा, आणि मागच्या बाकावरून शांत आवाजात ऐकू यावं, "चौथ्या ओळीत एक वजा राहिलाय." माणूस आधी चिडे, मग चौथी ओळ तपासे, आणि मग जास्तच चिडे.

हे नाव तिच्या मैत्रिणीने पाडलं होतं. दोघी एकाच खोलीत संशोधन करत आणि एकाच फळ्यावर लिहीत. मैत्रीण डावखुरी, मोठ्या आवाजाची, घाईची. तिला सिद्धतेचा शेवट आधी दिसे आणि सुरुवात सापडायला महिने लागत. आधी कळस, मग पाया. वजाबाईचं उलट. ती पाया इतका खोल खणत बसे की वर काही बांधायचं आहे हेच विसरून जाई. दोघींचं जमलं ते त्यामुळेच.

पुढे वजाबाईची अक्कलदाढ दुखायला लागली. मैत्रीण म्हणाली, "माझा भाऊ दंतवैद्य आहे. ओळखीत काढून देईल." त्याने दाढ काढली. तिचं तोंड उघडं, बोलायची सोय नाही. तो बोलत राहिला, ती ऐकत राहिली, आणि ही बाई फार छान ऐकून घेते असा त्याचा समज झाला. लग्नानंतर तो समज दूर झाला. "अक्कलदाढ काढल्यावरच ती लग्नाला हो म्हणाली," असं मैत्रीण भेटेल त्याला सांगत असे. अशी मैत्रीण तिची नणंद झाली. एरवी दोघी एकमेकींना पूर्वीसारखंच अगंतुगं करत. बोचकारायचं असलं म्हणजे एक "वहिनी" म्हणे आणि दुसरी "वन्सं".

वजाबाईला यथावकाश कायमची नोकरी लागली. नणंदेचं बिऱ्हाड मात्र विंचवासारखं पाठीवर राहिलं. दोन वर्षं इथे, एक वर्ष तिथे, प्रत्येक वेळी नवी खोली, नवी किल्ली आणि तेच पुस्तकांचे खोके. एवढ्या सगळ्यात एक काम दोघींनी सोडलं नाही. ते काय होतं, हे दंतवैद्याने एकदा जेवताना विचारलं.

"मला कळेल असं सांगा," तो म्हणाला.

नणंदेने टेबलावरचे चमचे ओळीत मांडले. "समज, या वस्तू आहेत. शेजारच्या दोघींची अदलाबदल करता येते. शिवाय प्रत्येक वस्तूची एक उलटी वस्तू असते. वस्तू आणि तिची उलटी शेजारी आल्या की दोघी नाहीशा."

"नवरा-बायको."

"नवरा-बायकोत कुणी नाहीसं होत नाही दादा, तीच तर लोकांची तक्रार असते."

"बरं. पुढे?"

"पुढे लांबलचक ओळ घ्यायची. हवी तशी अदलाबदल करायची, हव्या त्या जोड्या काढून टाकायच्या. वाटलं तर मोकळ्या जागेतून नवी जोडी आणायची. क्रम कुठलाही. सुरुवात आणि शेवट ठरलेले असले, तर मधल्या सगळ्या वाटा सारख्याच. हे आम्ही सिद्ध करतोय."

"ते तर उघडच आहे."

"उघड आहे," नणंद म्हणाली.

"जे उघड असतं ना, त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही," वजाबाई म्हणाली.

"पण हे हवंय कुणाला?"

"ज्यांना मोठी गणितं करायची असतात त्यांना. कुठल्या वाटेने आलो हे लक्षात ठेवायची गरज नसेल, तर अर्धं ओझं उतरतं."

"एवढं मात्र पटलं," असं म्हणून त्याने ओळीतला मधला चमचा उचलला आणि जेवायला लागला.

काम करायची दोघींची एक रीत होती. ती त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, हाताला लागलेली होती. वस्तूला त्या क म्हणत. तिच्या उलट्या वस्तूसाठी त्याच अक्षराच्या डोक्यावर छोटी टोपी काढत. फळ्यावर क आणि टोपीवाला क शेजारी आले, की त्यावर काट मारायची नाही, बाण काढायचा नाही. तळव्याने दोन्ही एका फटक्यात पुसायचे आणि पुढे जायचं. काट मारली तर खूण उरते. पुसलेल्या जागी काही उरत नाही, ओळ स्वच्छ दिसते. नणंदेची डावी बाही आणि वजाबाईची उजवी बाही कायम पांढरी असे. त्यांचा निबंध वाढत गेला तसा पुसण्याचा उल्लेखही त्यातून गेला. इतकं साधं पाऊल कोण लिहून ठेवतं?

त्या वर्षी शहराबाहेरच्या संशोधन संस्थेत एक कायमची जागा निघाली. नणंदेने अर्ज केला, आणि तिला भाषणासाठी बोलावणं आलं. संस्थेला पाठवलेल्या सारांशात तिने लिहिलं होतं: कुठल्याही वाटेने जा, उत्तर एकच, चिन्हासकट. तिची इथली मुदत उन्हाळ्यात संपणार होती. एका विमा कंपनीने तिला घ्यायची तयारी दाखवली होती. ही जागा मिळाली नाही तर गणित सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. आणि ठरवलेलं न करण्याची तिला सवय नव्हती.

भाषणाच्या आदल्या आठवड्यात वजाबाई आपल्या खोलीत बसून निबंधाच्या उत्तरार्धातला एक तक्ता भरत होती. खोली अरुंद, खिडकीखाली सायकली लावायची जागा. तक्त्यातला एक आकडा तिने दोन वाटांनी काढला. एकदा जो आला, दुसऱ्यांदा त्याचा वजा आला. जी गोष्ट स्वतःच्याच वजाइतकी असते ती इथे शून्यच असायला हवी, आणि हा आकडा शून्य नव्हता.

तिने पहिला संशय स्वतःवर घेतला. सगळं पुन्हा केलं. वजा गेला नाही. मग तिने ओळ लहान करायला घेतली, एकेक वस्तू कमी करत, वजा तेवढा हातचा जाऊ न देता. खाली कुणीतरी सायकलचं कुलूप उघडायला धडपडत होतं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो थांबला तेव्हा फळ्यावर तीनच अक्षरं उरली होती. क, टोपीवाला क, क.

उजवीकडची जोडी पुसली, क उरला. डावीकडची जोडी पुसली, तरी क उरला, पण वजासकट.

आता यात एक गोष्ट त्या दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत होती. काही वस्तू अशा असतात की अगदी एकसारख्या दोन नगांची अदलाबदल केली तरी एक वजा पडतो. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही, तरी पडतो. अशा वस्तूंना त्या विषम म्हणत, आणि ज्यांची अदलाबदल फुकट होते त्यांना सम. पण पुसण्यात अदलाबदल कुठे आली? वजाबाई खडू हातात धरून आपल्याच तळव्याकडे बघत राहिली. मग तिला समजलं. व्याख्या सांगत होती की जोडी पुसायची ती टोपीवाला डावीकडे असताना. तो उजवीकडे असला की ती आधी मनातल्या मनात दोघांची जागा बदलत होती आणि मग पुसत होती. हात तोच, फटका तोच. त्याच्या आत एक अदलाबदल लपलेली होती. इतकी वर्षं नमुन्यादाखल घेतलेल्या वस्तू सगळ्या सम निघाल्या, म्हणून तिची झळ लागली नव्हती.

तिने फळा तसाच ठेवला, कोट घातला आणि नणंदेकडे निघाली.

नणंद एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहत होती. खालची यंत्रं फिरायला लागली की वरच्या टेबलावरचा पेला हळूहळू कडेकडे सरकत जाई. नणंद बोलता बोलता तो परत मधे आणून ठेवी. कपाटाचं दार तिने काळ्या रंगाने रंगवलं होतं, तोच तिचा फळा.

"बस. खुर्चीवरचे कपडे उचल आणि बस. तोंड का असं केलंयस? कोण गेलं?"

"कुणी नाही. एक वजा आलाय."

"कुठे?"

"कुठे नाही ते विचार. मला सांग, जोडी पुसताना तू काय करतेस?"

"पुसते."

"टोपीवाला उजवीकडे असला तर?"

"तरी पुसते. त्यात काय?"

"मी आधी त्यांची जागा बदलते. व्याख्येत तसं आहे."

"कुठल्या व्याख्येत?"

"आपल्या. पहिल्या पानावर. तूच लिहिलीयेस."

"लिहिली असेन. स्वतः लिहिलेलं कोण वाचतं?" नणंद हसली. मग वजाबाईने कपाटाच्या दारावर तीन अक्षरं लिहिली, आणि तिचं हसू थांबलं. ती दारासमोर उभी राहिली, डाव्या हाताने पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

"मग तुझी पद्धत चूक," ती म्हणाली. "मी पुसते तसं पुसलं, की दोन्हीकडून क-च उरतो. वजाबिजा काही नाही."

"नाही येत. आता कोऱ्या जागेतून एक जोडी काढ. डावीकडे क, उजवीकडे टोपीवाला. विषम घे. जागा बदल, आणि मग पुस."

नणंदेने केलं.

"काय उरलं?"

"काय उरणार? काही नाही."

"चिन्ह बघ."

खाली यंत्रांनी गती घेतली. पेला निघाला. नणंदेने या वेळी तो धरला नाही, वजाबाईने धरला.

"काहीच नाही," नणंद हळू म्हणाली, "आणि तेही उणे."

"माझ्या पद्धतीने इथे खोट निघते, तुझ्या पद्धतीने तिथे. अर्धा निबंध तुझ्या हाताने झालाय, अर्धा माझ्या. विधानच चूक आहे, वन्सं. सगळ्या वाटा सारख्या नाहीत."

हे "वन्सं" तिच्या तोंडून का गेलं ते तिलाही कळलं नाही. नणंद पलंगाच्या कडेवर बसली.

"कुणाकुणाला माहितेय?"

"तुला आणि मला."

"मग मुलाखत होऊ दे. नंतर दुरुस्त करू. लोक चुकीचे निबंध छापून निवृत्त होतात, कुणाचं काही वाकडं होत नाही."

"भाषण तुझं आहे. मी आपणहून काही बोलणार नाही. पण कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"तुला कोण विचारतंय?"

"मग प्रश्नच मिटला."

"तुझं काय जातंय गं वहिनी?" नणंदेचा आवाज चढला. "तुझी नोकरी पक्की, घर पक्कं, नवरा पक्का. तोही माझ्याच घरातून नेलेला."

"परत हवा असला तर घेऊन जा."

एरवी या वाक्यावर दोघी हसून लोळल्या असत्या. नणंदेने दाराकडे बोट दाखवलं. कपाटाच्या नाही, जिन्याच्या.

त्यानंतर नणंद फोन उचलेना. दंतवैद्य दोघींच्या मधे सापडला.

"काय झालंय तुमचं?"

"वजा."

"कुणाचा?"

"दोघींचा."

"मी बोलू का तिच्याशी?"

"तू दात काढ. तेवढंच तुला नीट जमतं."

तो खरोखरच दात काढायला निघून गेला. वजाबाई खरं विधान काय असेल याच्या मागे लागली. कुठली वाट कुठल्या वाटेइतकी, आणि कुठली तिच्या वजाइतकी, हे आधीच सांगता येईल असा काहीतरी नियम असणार, एवढं तिला दिसत होतं. पण खणताना सवयीप्रमाणे ती खालीच जात राहिली. प्रत्येक पावलात किती अदलाबदली लपल्या आहेत ते मांडता मांडता कागद भरले, आणि वर काही उभं राहिलं नाही.

भाषणाच्या दिवशी ती संस्थेत गेली. कुणी बोलावलं नव्हतं, पण येणाऱ्याला बंदी नव्हती. सभागृह लहान होतं, पायऱ्यापायऱ्यांचं. पुढच्या रांगेत समिती बसली होती. अध्यक्षा पांढऱ्या केसांच्या, कानात ऐकू यायचं यंत्र. प्रश्न विचारण्याआधी त्या यंत्राला बोट लावत, आणि ते बोट वर गेलं की भल्याभल्यांच्या हातातला खडू थबकतो अशी त्यांची ख्याती होती. वजाबाई मागच्या रांगेत बसली. नणंदेने तिला पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं.

"मी पाठवलेल्या सारांशातलं मुख्य विधान चुकीचं आहे," नणंदेने सुरुवात केली.

पुढच्या रांगेत कुणीतरी सारांश उलटा ठेवला.

तिने फळ्यावर तीन अक्षरं लिहिली आणि दोन्हीकडून पुसून दाखवली. मग मोकळ्या जागेतून जोडी काढली, फिरवली, पुसली, आणि रिकाम्या जागेसमोर एक वजा लिहून तो तसाच ठेवला. कुणीतरी हसलं, ते कौतुकाचं हसू होतं. "पुसायचं कसं हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं," ती म्हणाली. "आता ठरवते." आणि तिने अक्षरं लिहायची सोडून रेषा काढायला सुरुवात केली. प्रत्येक वस्तूचा एक धागा. वरून खाली येणारा. अदलाबदल झाली की दोन धागे एकमेकांना छेदून जातात. जोडी पुसली की धागा वळून मागे फिरतो. तिची पुसायची पद्धत घेतली, जोडी आहे तशी पुसायची, तर वळणाला काही किंमत पडत नाही. किंमत पडते ती फक्त छेदांची, आणि तीही सारख्या जातीच्या विषम धाग्यांच्या छेदांची, मग टोपी असो वा नसो. प्रत्येक जातीचे छेद मोजा. दोन वाटांच्या मोजण्या सगळ्या जातींत एकाच वेळी सम किंवा एकाच वेळी विषम असतील, तर वाटा सारख्या. जिथे फरक पडला तिथे त्या जातीचा एक वजा.

वजाबाई मुलाखत विसरली. इतके दिवस ती जे कागदांवर कागद लिहून पकडू पाहत होती, ते तिथे एका हातभर चित्रात उभं होतं. तिने मनात एक धागा धरला आणि वरपासून खालपर्यंत त्याच्यासोबत गेली. वळण सरळ करता येतं, बरोबर. छेद दुसऱ्या छेदावरून सरकवता येतो, बरोबर. एकेक पाऊल तिच्या पायाखाली टिकत होतं. ती दुसरा धागा धरणार, इतक्यात पुढच्या रांगेत बोट कानाकडे गेलं.

"नव्या जोड्या मधेच निर्माण होतात," अध्यक्षा म्हणाल्या. "त्या मधेच पुसल्याही जातात. म्हणजे काही धाग्यांना वरचं टोकही नसेल आणि खालचंही नसेल. नुसती वर्तुळं. मोकळी. त्यांचं काय?"

"तीच मोजणी," नणंद म्हणाली. "वर्तुळाने स्वतःला छेदलं असेल तर तो छेद मोजायचा. नसेल तर वर्तुळ खोडून टाकायचं."

"आणि अशी वर्तुळं एकमेकांत गुंतलेली असतील, दुसऱ्या धाग्यांमधून गेलेली असतील, तर?"

"तरी तीच."

"हे सिद्ध झालं आहे?"

नणंद क्षणभर थांबली. "हो," ती म्हणाली.

अध्यक्षांनी मान हलवली. मग त्या सावकाश मागे वळल्या. "तुमच्या सहलेखिका आल्या आहेत असं मला कुणीतरी सांगितलं. चूक तुम्ही शोधलीत की त्यांनी?"

"त्यांनीच," नणंद म्हणाली. "नाहीतर मी आज इथे धडधडीत खोटं विधान घेऊन उभी असते."

"मग त्यांनाच विचारू. बाई, तुम्हाला हे सिद्ध वाटतं?"

वजाबाई उठून उभी राहिली. नणंद तिच्याकडे बघत होती, आता उघडपणे. तिच्या डाव्या बाहीवर कोपरापर्यंत खडू होता. सगळं एका अक्षरावर येऊन ठेपलं होतं, आणि ते अक्षर उच्चारायला काही लागत नव्हतं. शिवाय ते बहुधा खरंही होतं. नणंदेला कळस दिसला आणि तो तिथे नव्हता, असं आजवर फार कमी वेळा झालं होतं.

"ज्या धाग्यांना टोकं आहेत, त्यांचं मी आत्ता इथे बसून तपासलं," वजाबाई म्हणाली. "ते बरोबर आहे."

"आणि वर्तुळं?"

"वर्तुळांचं मला माहीत नाही."

"चूक असेल असं वाटतं?"

"नाही. चूक असेल असं वाटत नाही. पण मला माहीत नाही."

"आभारी आहे," अध्यक्षा म्हणाल्या आणि पुढे वळल्या. आणखी दोन-तीन प्रश्न झाले, सौम्य. प्रश्न सौम्य व्हायला लागले की काय समजायचं हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर लांब व्हरांडा होता, भिंतीला लागून बाकं. नणंद पाणी पिऊन आली आणि वजाबाईपासून एक बाक सोडून बसली.

"कधी सुचलं?" वजाबाईने विचारलं.

"काल. कपडे वाळत घालताना. सिद्धता आज पहाटे झाली. वर्तुळं सोडून."

"चित्र फार चांगलं आहे."

"ते मला माहितेय."

जागा दुसऱ्याला मिळाली. तो द्रवांच्या प्रवाहावर काम करत होता, शांत, कष्टाळू, आणि त्याच्या भाषणातलं सगळं सिद्ध झालेलं होतं. अध्यक्षांनी नणंदेला स्वतः फोन करून सांगितलं की समितीत बराच वाद झाला, आणि निर्णय कुठल्या मुद्द्यावर फिरला हेही लपवलं नाही. दंतवैद्याने त्या संध्याकाळी पहिल्यांदाच बायकोवर आवाज चढवला. "एक हो म्हणायला तुझं काय बिघडत होतं?" त्याने विचारलं. तिला उत्तर येत होतं, पण ते त्याच्या प्रश्नाचं नव्हतं.

उन्हाळ्यात नणंद विमा कंपनीत रुजू झाली. तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं, पगार वजाबाईपेक्षा बरा मिळाला, आणि पुस्तकांचे खोके पहिल्यांदाच पूर्ण उघडले गेले. निबंध अर्धा पडून होता. तो टाकून द्यायचा की पुरा करायचा, हे वजाबाईने विचारलं नाही. काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी नणंदच दारात उभी राहिली. चपला काढल्या, भावाला "तू आत जा" म्हणाली, आणि टेबलाशी बसली.

"वर्तुळांचं करायचं का?"

"करू."

रविवारमागून रविवार गेले. बोलणं कामापुरतं होई. वजाबाई खणत गेली, नणंद वरून दिशा दाखवत गेली. हळूहळू दिसलं की कुठलंही मोकळं वर्तुळ जवळच्या एका धाग्याला जोडून घेता येतं, आणि जोडताना मोजणी बिघडत नाही. वर्तुळ धाग्यात गेलं की त्याला टोकं मिळतात, आणि टोकं असलेल्या धाग्यांचं तर आधीच झालं होतं. शेजारी धागा नसला तर एक साधा सरळ धागा बाजूला ठेवून द्यायचा, एवढंच. सिद्धता दीड पानाची झाली.

नणंदेने ते दीड पान बराच वेळ समोर धरलं.

"म्हणजे मी त्या दिवशी म्हणाले ते जसंच्या तसं खरं होतं."

"हो."

"तू हो म्हणाली असतीस तर ते खोटं ठरलं नसतं."

"विधान खोटं ठरलं नसतं."

"पण?"

"मला माहीत नव्हतं. मला माहीत आहे असं म्हणणं खोटं झालं असतं."

"आणि मी म्हणाले ते?"

आतल्या खोलीत दंतवैद्य फोनवर कुणाला तरी कोमट पाण्याने चूळ भरायला सांगत होता.

"कंपनीत परवा एक गंमत झाली," नणंद थोड्या वेळाने म्हणाली. "माझ्या वरच्या साहेबाने विचारलं, तुमचं हे गणित दुसऱ्या कुणी तपासलंय का? मी म्हटलं, माझी वहिनी तपासते. तो म्हणाला, ती हो म्हणाली का? मी म्हटलं, ती सहसा हो म्हणत नाही. तर म्हणे, मग ती म्हणेल तेव्हा मला सांगा." तिने पूर्ण निबंध पिशवीतून काढला आणि ते दीड पान त्याच्या शेवटी लावलं. "आता वाच. पहिल्या पानापासून. छापायला पाठवायचं की नाही ते तू सांग."

"तुझा राग गेला?"

"नाही. राग तिथेच आहे. त्याचा याच्याशी काय संबंध?"

वजाबाईने पेन्सिल घेतली आणि पहिलं पान उघडलं. व्याख्या आता नवी होती, जोडी कुठल्या बाजूने कशी पुसायची ते तिथे सरळ शब्दांत लिहिलेलं होतं. ती ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवून वाचू लागली. नणंद खुर्ची मागे सरकवून बसली, मग उठून खिडकीपाशी गेली, मग परत आली.

"एका पानाला एवढा वेळ?"

"एवढाच लागतो," वजाबाई म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.